लोहाचे दोन टक्के

सोमवार, ३ मार्च २०२५

आज पुन्हा ०.३. चार वर्षं झाली, माझ्या सौर सेलची कार्यक्षमता ०.२ आणि ०.४ टक्क्यांच्या मध्ये अडकलीय. प्रबंध द्यायची शेवटची मुदतवाढ ३० सप्टेंबरला संपते. नऊ एप्रिलला कॉलेजच्या कायम जागेची मुलाखत आहे. तासिका तत्त्वावर शिकवायला लागून सहा वर्षं झाली. मुलाखतीत दाखवायला माझ्याकडे काय आहे? ०.३.

जेवताना पप्पांनी विचारलं, "स्नेहू, तू नेमकं करतेस काय गं? कंपनीतली माणसं विचारतात, मला सांगता येत नाही." पप्पा सातपूरला प्लेटिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी ताटाशेजारी बोटाने आकृती काढून सांगितलं. काचेच्या पट्टीवर टायटेनियाचा पांढरा थर असतो. त्याला धातूचं रंगद्रव्य चिकटवायचं. प्रकाश पडला की धातूच्या अणूमधला एक इलेक्ट्रॉन उसळतो आणि त्याला जोडलेल्या कार्बनच्या कड्यावर जातो. तिथून टायटेनियात उतरला की झाली वीज. त्याची रिकामी झालेली जागा आयोडीनचं द्रावण भरून काढतं, की पुन्हा पहिल्यापासून.

"मग अडतंय कुठं?"

"धातू रुथेनियम असेल तर इलेक्ट्रॉन कड्यावर थांबतो, निवांत उतरतो. पण रुथेनियम जगात फार थोडं आहे. मला हे लोखंडावर करायचंय. लोखंडाचा इलेक्ट्रॉन कड्यावर थांबतच नाही. उतरायच्या आधीच माघारी घसरतो."

"किती वेळ थांबतो?"

"सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले जेमतेम दहा-वीस. तेही मी कड्यांची रचना बदलली म्हणून."

पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "म्हणजे आधीपेक्षा जास्त थांबतो ना? मग चाललंय की तुझं."

त्यांना समजावणं सोपं असतं.

बुधवार, १२ मार्च

परवा भट्टीची कॉइल जळाली. नवी यायला महिना लागेल. भट्टीशिवाय थर भाजता येत नाही आणि माझ्याकडे भाजलेल्या पट्ट्या दोनच उरल्यात. त्या दुपारी मी प्रयोगशाळेत डोकं धरून बसले होते. झुंबरकाका (आमचे प्रयोगशाळा परिचर, पुढच्या वर्षी निवृत्त होतील) दारात येऊन उभे राहिले आणि निघून गेले.

आज सकाळी त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा डबा आणून ठेवला. आत बारा पट्ट्या, थर दिलेल्या. "अश्विनदादाच्या कपाटात व्हत्या. घ्या ताई."

"भाजलेल्या आहेत?"

"भट्टीतूनच निघल्यात."

अश्विन माझ्या आधीचा विद्यार्थी, रुथेनियमवर काम करून दोन वर्षांपूर्वी बडोद्याला नोकरीला गेला. जाताना माझ्यासाठी एवढं ठेवून गेला हे मला माहीतच नव्हतं. थर छान सारखा आहे. किंचित गुलाबी झाक वाटते, पण खिडकीसमोर नवी विटांची भिंत आली आहे, तिचा उजेड पडत असेल. सात पट्ट्या लगेच लोहाच्या द्रावणात बुडवल्या. पाच राखून ठेवल्या. धुळवडीची सुट्टी संपेपर्यंत मुरू देत.

शनिवार, १५ मार्च

२.१

पुन्हा मोजलं. २.१. दुसरा सेल २.०. तिसरा २.१. सातही!

मी ओरडले. खरंच ओरडले. झुंबरकाका पळत आले, त्यांना वाटलं काही फुटलं. मी त्यांचे दोन्ही हात धरून हलवले. "काका, तुमच्या पट्ट्यांनी केलं! लोहाने दोन टक्के दिले!" ते हसले नाहीत. "बरं झालं ताई" म्हणाले आणि नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता. थकलेत बिचारे.

कारण काय असेल? अश्विनच्या थराची छिद्रं बारीक असतील, किंवा पट्ट्या जास्त वेळ मुरल्या म्हणून. ते नंतर शोधीन. आज नाही.

सोमवार, १७ मार्च

खैरनार मॅडमना दाखवलं. माझ्या गाइड त्या. आलेख हातात घेऊन बराच वेळ पाहत होत्या. "पट्ट्या कुठल्या?" मी सांगितलं. "अश्विनच्या," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. चार वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी आणलं, आणि मॅडम साधं 'शाब्बास' पण म्हणाल्या नाहीत. पेपर मी दोन दिवसांत लिहून देते म्हटलं. "दे. माझ्या लॉगिनवरून पाठवीन."

प्राचार्यांना मात्र आनंद झाला. त्यांनी तिथल्या तिथे कुणाला तरी फोन लावला.

शुक्रवार, २१ मार्च

पेपरात आलं. शहर पुरवणीत, चौथ्या पानावर, माझा फोटो: 'लोखंडापासून स्वस्त सौरवीज, नाशिकच्या संशोधिकेचं यश'. 'स्वस्त' मी म्हटलं नव्हतं. पप्पांनी सकाळीच चौकातून आठ अंक आणले. कॉलनीच्या जयंती मंडळाने ठरवलंय, चौदा एप्रिलला स्टेजवर माझा सत्कार. आई म्हणाली, पांढरी साडी घेऊ. मुलाखतीच्या अर्जात मी ओळ घातली: लोह-रंगद्रव्याच्या सेलची कार्यक्षमता २.१ टक्के.

रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या त्या जुन्या हौदात, उडी मारलेली पोरं अजून पिवळीधमक हिंडतायत. माझ्या वर्गातला एकजण तसाच प्रॅक्टिकलला आला. "मॅडम, घासलं तरी जात नाही." मी म्हटलं, "चांगला रंग आहे, पट्टीवर लावू या." वर्ग हसला. फार दिवसांनी शिकवताना मजा आली.

सोमवार, २४ मार्च

पेपर देऊन पाच दिवस झाले, अजून मासिकाची पोच नाही. मॅडमना विचारलं. "नेट चालत नाही गं घरचं. आणि असं कर, बुधवारी पुण्याला जा. एकेका रंगाच्या प्रकाशाला सेल किती करंट देतो ते मोजून आण. स्लॉट मी घेतलाय." हे मोजमाप नंतरही चाललं असतं. मुलाखत तोंडावर आणि मॅडमना आत्ताच पुणं सुचतंय. शिवाय दुपारी त्यांनी मला त्यांच्या नातवाचा एवढा मोठा व्हिडिओ पाठवला, तो बरा गेला.

बुधवार, २६ मार्च

परतीच्या बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

यंत्रावरचा मुलगा आणि मी सेलवर एकेक रंग टाकत गेलो. निळा, हिरवा, पिवळा, चांगला करंट. नारिंगी, उतरता. माझं रंगद्रव्य ६२० नॅनोमीटरपर्यंतच प्रकाश शोषतं. त्यापुढचा गडद लाल प्रकाश त्याच्यातून आरपार जातो. तिथे करंट शून्य यायला हवा. ६५०ला आला. ७००लाही आला. थोडा, पण आला.

जे माझं द्रव्य खातच नाही त्यातून त्याने वीज कशी काढली?

तिथल्या मुलाला म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्याने त्यांचा ठरलेला सेल लावून दाखवला. यंत्र नीट होतं. माझा पुन्हा लावला. ७००ला पुन्हा तेवढाच. ७००ला करंट देणारं एक द्रव्य मला तोंडपाठ आहे. पण ते माझ्या टेबलावर नाही. दोन वर्षांत कुणी वापरलेलंही नाही.

शनिवार, २९ मार्च

तीन दिवस हेच डोक्यात. द्रावणाची बाटली तपासली, स्वच्छ. पप्पांनी चेहऱ्यावरून ओळखलं, सगळं काढून घेतलं. ऐकून म्हणाले, "आमच्याकडे एका टाकीतून काढलेला जॉब नीट धुतला नाही तर आधीच्या टाकीतलं पाणी पुढच्या टाकीत जायचं. निकेलच्या टाकीत तांबं उतरलं की माल काळा पडायचा. साहेब लोक टाकी तपासत बसायचे. मी आधी विचारायचो, धुवायला कोण होता."

पप्पांना जिकडेतिकडे टाक्याच दिसतात. इथे धुवायचा प्रश्नच नाही, पट्ट्या कोऱ्या होत्या.

मला वेगळाच संशय येतोय. लिहायची लाज वाटते, पण ही वही माझीच आहे. अश्विनला मी लोहावर काम करते ते कधीच आवडलं नव्हतं. "लोखंडाचं सोनं होत नाही" म्हणायचा. त्याने जाताना थरात काही मिसळलं असेल का?

रविवार, ३० मार्च

अश्विनला फोन केला. मी सरळ विचारलं, आणि वाईट पद्धतीने विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "स्नेहल, थांब. कोऱ्या पट्ट्या? मी कोरी एकही ठेवली नव्हती. कपाटात होत्या त्या वापरलेल्या. रुथेनियमच्या. लालभडक."

"या पांढऱ्या होत्या."

"मग कुणीतरी धुतल्या असतील."

तो म्हणाला, "मी तुझी बातमी वाचून खूश झालो होतो गं. खरंच." त्याची माफी मागितली. नीट जमली नाही.

मंगळवार, १ एप्रिल

ईदची सुट्टी मध्ये आली, म्हणून आज गाठले झुंबरकाकांना. ते स्टुलावर बसून चंचुपात्रं पुसत होते. डबा समोर ठेवला. विचारायची गरजच पडली नाही.

"तुमच्या पट्ट्या सरल्या, भट्टी बंद, मुदत जवळ आली. म्हटलं ह्या कपाटात उगंच पडल्यात. सोड्याच्या पाण्यात ठिवल्या, रंग निघला बराच. घासल्या नाय, थर जाईल म्हनून."

"मला सांगितलं का नाहीत, काका?"

"तुम्ही इचारलं, भाजल्यात का. भाजलेल्याच व्हत्या त्या. मंग तुम्ही लय खूश झाल्या. पेपरात आलं. मला वाटलं काय हरकत नसंल. पन तुम्ही पुण्याहून आल्यापासून तोंड उतरलेलं पाहतोय, अन् मला घास गोड लागंना."

मी त्यांच्यावर ओरडले. अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू गेलं. ते उभे राहून ऐकत होते, हातात फडकं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कुणी ओरडलं असेल असं वाटत नाही.

घरी येऊन ही वही चाळली. १२ मार्चला मी स्वतःच्या हाताने लिहिलंय: किंचित गुलाबी झाक. पुढे भिंतीचा उजेड. मी पाहिलं होतं. मला पाहायचं नव्हतं.

बुधवार, २ एप्रिल

राखून ठेवलेल्या पाच पट्ट्यांना लोहाचा थेंबही लावला नाही. तसेच सेल बनवले. १.७, १.८, १.७, १.७, १.८.

म्हणजे दोन टक्के लोहाचे नव्हतेच. उरलेल्या रुथेनियमचे होते. माझं लोह तेच जुनं, ०.३.

आधी झुंबरकाकांकडे गेले. "काल मी जे बोलले ते बोलायला नको होतं. डबा तुम्ही दिलात, पण आकडा मी छापून आणला." ते म्हणाले, "मी बी इचारायला पायजे व्हतं." मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

मॅडमकडे गेले. रडायचं नाही ठरवलं होतं. पेपर मागे घ्यावा लागेल, म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी पाठवलाच नाही अजून. नेट नव्हतं ना." नशीब माझं! आयुष्यात पहिल्यांदा खराब नेटवर्कचे आभार मानले. मॅडम हसल्या, आणि आज म्हणाल्या, "शाब्बास." आज कशाबद्दल ते कळलं नाही. धीर द्यायला म्हणाल्या असतील.

प्राचार्य नाराज झाले. "एवढं कुणाला कळणार होतं?" असंच म्हणाले. वर्तमानपत्राला खुलाशाचं पत्र मी आजच मेल केलं.

बुधवार, ९ एप्रिल

मुलाखत. पाचजण समोर. बसल्या बसल्या मीच सांगितलं: अर्जाच्या तिसऱ्या पानावरची २.१ ची ओळ चुकीची आहे, ती मी काढून घेते. कारण सांगितलं, लोह न लावलेल्या पाच सेलचे आकडे ठेवले.

डावीकडचे म्हणाले, "मग आम्ही तुमच्या अर्जातल्या कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा?"

"बाकीच्या सगळ्या. ही एक चुकीची होती, ती मीच शोधली."

मधल्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. नंतर मला वर्गात कसं शिकवता ते विचारलं, ते चांगलं गेलं. बाहेर आले. रिक्षावाल्याला कॉलेज रोडऐवजी सातपूर सांगितलं आणि सरळ घरी, पप्पांकडे गेले. सत्कार नको हे त्यांना सांगायचं होतं.

ते ऐकत राहिले. आठपैकी सहा अंक अजून घरात होते, ते त्यांनी उचलून कपाटावर ठेवले. "मंडळाला काय सांगू?"

"मी सांगते."

"नको. तू ये तर खरं."

सोमवार, १४ एप्रिल

हे सगळं लिहिलं पाहिजे.

माझा खुलासा पेपरात अजून छापून आला नव्हता आणि मंडळाने सत्कार रद्द केला नव्हता. पप्पांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. निळे झेंडे, स्पीकर, खुर्च्यांवर सगळी कॉलनी. आईने घेतलेली पांढरी साडी मी नेसले होते. माझं नाव पुकारलं आणि पप्पा पहिल्या रांगेतून माझ्याकडे पाहत होते. तेव्हा समजलं, हे मीच सांगावं असं त्यांना वाटत होतं.

शाल अंगावर पडायच्या आत मी माईक मागितला. म्हटलं, "पेपरात माझ्याबद्दल जे आलं ते चुकीचं होतं. आकडा माझ्या द्रव्याचा नव्हता. जुन्या पट्ट्यांचा होता. मी नीट पाहिलं नाही. आज मला सत्कार नको."

मागे कुणीतरी कुजबुजलं. मंडळाचा अध्यक्ष शाल घेऊन तसाच उभा.

मग सुलाबाई उठल्या. कॉलनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, माझ्या आजीबरोबर विडीच्या कारखान्यात होत्या. जागेवरूनच मोठ्याने म्हणाल्या, "मंग आता शिकायचं सोडलं का तू?"

"नाही, आजी."

"काम चालू हाय का?"

"उद्यापासून पुन्हा करणार."

"मंग घाल रे तिला शाल. ऊन लागतंय पोरीला."

लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. शाल घेतली. पप्पा टाळ्या वाजवत नव्हते. नाक पुसत होते. उन्हाचा त्रास होतो त्यांना हल्ली.

मंगळवार, २२ एप्रिल

निकाल लागला. प्रतीक्षा यादीत दुसरी. दुसरी म्हणजे नाहीच. एक दिवस घरी झोपून काढला. आज गेले. नवी कॉइल आली आहे.

गुरुवार, १५ मे

नवी काच, नवा थर, माझ्यासमोर भाजलेला. प्रत्येक खेपेत एक पट्टी कोरी ठेवायची, तिचा सेल बनवायचा, तिचा आकडा आधी लिहायचा. झुंबरकाकांनी स्वतःहून वही घातली आहे: कुठलं भांडं कुणी, कशाने, कधी धुतलं. "आता इचारायचं काम नाय, वाचायचं."

लोह: ०.३, ०.४, ०.३. कोरी: ०.०.

शुक्रवार, ३० मे

इलेक्ट्रॉनला कड्यावर जास्त वेळ थांबवणं मला चार वर्षांत यापलीकडे जमलं नाही. आज फळ्यावर पायऱ्यांची आकृती काढताना विचार आला: तो थांबत नसेल तर टायटेनियाची पायरीच खाली आणावी. घसरायच्या आधी उतरायला सोपी. द्रावणात मॅग्नेशियमचं मीठ घातलं की ती पायरी खाली येते, हे लोकांनी केलेलं आहे. माझ्या द्रव्यावर नाही केलं. व्होल्टेज थोडं पडेल. पडू दे, करंट वाढतो का बघू.

मॅडम म्हणाल्या, "हे चार वर्षांपूर्वी का नाही सुचलं?" मी म्हटलं, तेव्हा मी इलेक्ट्रॉनवर चिडले होते.

शनिवार, २१ जून

०.६. मग ०.७. मिठाचं प्रमाण बदलत तीन आठवडे. काल ०.९. आज १.१, सहा सेल, सगळे १.० ते १.१. कोरी पट्टी: ०.०.

ओरडले नाही. आकडे लिहिले, सेल उचलले आणि सरळ पुण्याची बस धरली.

सोमवार, २३ जून

पुण्याहून आले. ६२०नंतर सपाट. ६५० शून्य. ७०० शून्य. जेवढं खातं तेवढंच देतं. मॅडमनी पेपर वाचायला तीन दिवस मागितले. मी म्हटलं, आठवडा घ्या.

शनिवार, १३ सप्टेंबर

प्रबंध पाच तारखेला दिला, मुदतीच्या पंचवीस दिवस आधी. आज आमच्याच कॉलेजात परिषद होती आणि मला पंधरा मिनिटं मिळाली.

मी पहिल्या स्लाइडवर २.१ चा आलेख लावला. ७००च्या बिंदूवर लाल गोल. "हा माझा सगळ्यात चांगला निकाल होता आणि तो खोटा होता," म्हटलं. मग कोऱ्या पट्ट्या, मग धुण्याची वही (झुंबरकाका मागच्या दाराशी उभे होते, त्यांचं नाव घेतलं), मग मॅग्नेशियम, आणि शेवटी १.१. प्रश्न आले. एका सरांनी विचारलं, "१.१ टक्क्याने कुणाचा दिवा लागणार?" मी म्हटलं, "आज कुणाचाच नाही, सर. पण हा आकडा लोहाचाच आहे, आणि पुढच्या माणसाला इथून सुरुवात करता येईल." त्यांनी मान डोलावली. पटलं की नाही माहीत नाही.

चहाच्या वेळी एक मुलगी आली, खांद्याला बॅग, हातात कप तसाच भरलेला. पायल. मालेगावहून आली होती, संशोधनाचं दुसरं वर्ष. माझ्या भाषणाबद्दल काहीतरी चांगलं बोलली, मग इकडेतिकडे पाहिलं.

"मॅडम, एक विचारू? माझ्याकडे पण असा एक आकडा आहे. खूप चांगला आलाय. सर खूश आहेत, पेपर पाठवायचाय. पण एका सेलचं काहीतरी जुळत नाही. मी कुणाला बोलले नाही."

"किती दिवस झाले?"

"दोन महिने." तिने कप टेबलावर ठेवला. "चूक निघाली तर सगळंच जाईल."

"सगळं नाही जात," मी म्हटलं. "एक ओळ जाते. परत येताना त्रास होतो, पण येता येतं. आकडे आणलेस?"

तिने बॅगेवर हात ठेवला.

"गाडी कधीची आहे?"

"पाच पस्तीसची."

पुढच्या सत्राची घंटा झाली होती, लोक आत निघाले होते. आम्ही जिन्याखालच्या बाकावर बसलो. तिने लॅपटॉप उघडला, पण आलेख काढेना. बोट नुसतंच फिरत राहिलं.

"जुळत नाही तो आधी दाखव," मी म्हटलं, आणि तिने दाखवला.